न मागितलेलें फळ

कर्माचें मोल कर्त्याच्या हेतूवरून ठरवावें कीं कर्माच्या परिणामावरून, हा वाद नीतिशास्त्राइतकाच जुना आहे, आणि तो या चार पानांत मिटवूं असें म्हणण्याचें धाडस आम्हांस नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्त्याच्या बुद्धीच्या बाजूनें कौल दिला. उलट, पुष्कळांचें हित हीच एक कसोटी मानणाऱ्या इंग्रज पंडितांचा पक्षहि आपल्याकडील सुशिक्षितांस शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. परंतु हेतु आणि फळ यांचा एकमेकांशीं कांहीं तरी संबंध असावयाचाच, हें दोन्ही पक्ष बहुधा धरूनच चालतात. हेतु चांगला असून फळ वाईट आलें तर काय म्हणावें, याची चर्चा होते. हेतु वाईट असून फळ चांगलें आलें तर काय, याचीहि होते. पण जें फळ कोणाच्या ध्यानीं-मनीं नव्हतें, जें कोणीं मागितलें नव्हतें, आणि जें आल्याची खबरहि पुष्कळ वर्षें कोणास नव्हती, त्याच्याशीं आपण कसें वागावें? गेलीं कांहीं वर्षें कार्तिक-मार्गशीर्षाच्या दिवसांत नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळीच्या कांठानें हिंडतांना हा प्रश्न आमच्या वाटेंत पुन्हां पुन्हां आडवा आला आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

नाशिक जिल्ह्यांत, निफाड तालुक्यांत, गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें तेथें बंधारा घातला. हेतु साधा व स्वच्छ होता: नदीचें पाणी अडवावें, तें डाव्या व उजव्या कालव्यांत चढवावें, आणि पूर्वेकडे कोपरगांव-राहात्याच्या कोरड्या मुलखास पोंचवावें. वरच्या अंगास दारणा, गंगापूर वगैरे धरणें झालीं. त्यांतून सुटलेलें पाणी येथें येऊन थबकूं लागलें. पाणी थबकलें कीं माती खालीं बसते. वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला. बंधारा बांधणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीनें गाळ म्हणजे शत्रूच. जितका गाळ अधिक तितकें साठवणीचें पाणी कमी. परंतु त्या गाळाचीं बेटें झालीं, बेटांवर लव्हाळे व पाणकणीस माजलें, मध्यें गुडघाभर पाण्याचीं डबकीं राहिलीं, आणि पांखरांनीं ही जागा हेरली. १९८६ सालीं येथें अभयारण्य जाहीर झालें. इराणांतील रामसर या शहरीं १९७१ सालीं पाणथळींच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें नांव लागलें तें या नांदूर-मध्यमेश्वरचें. पक्ष्यांच्या अडीचशेंहून अधिक जाती येथें नोंदल्या गेल्या आहेत. एका पाटबंधाऱ्याच्या कामांतील हा एवढा मोठा लाभ त्या कामाच्या कोणत्याहि अंदाजपत्रकांत नव्हता.

चापडगांवाकडून पाण्याकडे जाणारी वाट दिसावयास कांहीं विशेष नाहीं. दोहों बाजूंस द्राक्षांचे मांडव. गोडी छाटणी होऊन महिना-दीड महिना लोटलेला, घडांवर बारीक मणी धरूं लागलेले. मध्येंच कांद्याचे वाफे, पलीकडे ऊंस. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रांत नांवाजलेली आहे. पारा फारच उतरला कीं बागाईतदार द्राक्षांच्या बागांतून रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवतात. पण ते दिवस पुढचे. हिंवाळ्याच्या तोंडावर पहाटेस नुसती शिरशिरी असते, उपरण्याची घडी मोडावी कीं न मोडावी अशी. मांडव संपतात, बाभळी लागतात, पायांखालची माती मऊ होते, आणि टिटवी ओरडते. टिटवीचें ओरडणें अशुभ मानण्याची आपल्याकडे चाल आहे; पाणथळीवर मात्र तिला पहारेकऱ्याचा मान आहे. तिनें वर्दी दिल्यावर मग चोरून जाण्यांत अर्थ उरत नाहीं.

धुकें विरळ होऊं लागलें म्हणजे प्रथम दिसतात ते वारकरी. कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळेंच कीं काय, या काळ्या पाणपक्ष्यास मराठींत हें नांव पडलें आहे. आणि हजारांनीं जमून पाण्यावर पसरलेला त्यांचा समुदाय पाहिला म्हणजे नांव ठेवणाऱ्याच्या रसिकतेचें कौतुक वाटतें. दलदली भोंवत्या नांवाचा शिकारी पक्षी पाणकणसांवरून संथपणें घिरटी घालीत आला, कीं ही पांगलेली दिंडी एका क्षणांत एकवटते. तो निघून गेला कीं पुन्हां पांगते. कांठावर चक्रवाकाचें जोडपें चरत असतें. संस्कृत कवींनीं त्यांस रात्रीच्या विरहांत रडावयास लावलें. प्रत्यक्षांत लडाख-तिबेटकडून इतका पल्ला मारून आलेलीं हीं दोघें येथें आपलीं अगदीं स्वस्थ दिसतात. धोबी पक्षी आधींच, पावसाळा सरतां सरतां येऊन ठेपलेले. बदकें दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून त्यानंतर उतरतात.

पण आम्हांस अधिक विचार करावयास लावतें तें त्यांचें येणें नव्हे, त्यांचें बसणें. घटका-दोन घटका एकाच जागीं उभें राहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, या पसरट पाण्यांत प्रत्येकाची खोली ठरलेली आहे. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांनीं जेथवर उतरतो, त्याच्या अलीकडे धोब्याचें राज्य. धोबी ओल्या चिखलाची कड सोडीत नाहीं. चमचा त्याच्या थोडा पलीकडे, अर्धवट उघडी चोंच पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. थापट्या बदक पसरट चोंचीनें वरचें पाणी गाळून घेतें. तलवार बदकाची मान लांब. तें शेपूट आभाळाकडे करून डोकें खालीं घालतें व इतर बदकांस न पोंचणारा तळ चाळतें. चार बोटें पाणी अधिक झालें तर एकाची पंगत उठते. चार बोटें कमी झालें तर दुसऱ्याची. एवढा बारीक चढउतार कोणत्याहि कारागिरानें मुद्दाम करूं म्हटलें तरी साधला नसता. तो गाळानें केला आहे. ज्या गाळास अभियंता दोष म्हणतो, तोच येथला यजमान आहे.

यजमान हा शब्द आम्हीं जाणून घातला. वर्तमानपत्रें या पक्ष्यांस दरवर्षीं 'परदेशी पाहुणे' म्हणतात. जो प्राणी दरसाल न चुकतां येतो आणि वर्षांतले पांच-सहा महिने येथेंच काढतो, त्यास पाहुणा म्हणतांना आपण हळूच यजमानाच्या पाटावर जाऊन बसतों. आपण त्यांस बोलावलें कधीं? आणि पान वाढलें तें कोणीं?

येथें महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांतील मुंगसाची कथा आठवते. युधिष्ठिराच्या यज्ञमंडपांत एक मुंगूस येतें; त्याचें अर्धें अंग सोन्याचें असतें. तें म्हणतें, हा यज्ञ कुरुक्षेत्रांतील त्या दरिद्री ब्राह्मणाच्या पसाभर सातूच्या पिठाची बरोबरी करूं शकत नाहीं. शेतांत सांडलेले दाणे वेंचून जगणारें तें कुटुंब, दुष्काळ पडलेला, आणि दारीं अतिथि आला तेव्हां नवरा, बायको, मुलगा व सून यांनीं आपापला वांटा त्यास दिला. ही कथा नीतिशास्त्रांत नेहमीं दात्याच्या बुद्धीसाठीं सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. पण मुंगसाकडे कोणी पाहत नाहीं. त्या कुटुंबाच्या मनांत अतिथि होता, मुंगूस नव्हतें. तें बिळांतून बाहेर आलें, जमिनीवर सांडलेल्या पिठाच्या कणांत लोळलें, आणि अर्धें सोन्याचें झालें. दानाचें पुण्य दात्यास मिळालें. सोनें मिळालें तें मात्र ज्याच्यासाठीं कोणीं कांहींच केलें नव्हतें त्यास. नांदूरचा गाळ म्हणजे असें सांडलेलें पीठ आहे. कालवा शेतकऱ्यासाठीं होता. जें सांडलें त्यावर चक्रवाक आणि शेकाटे पोसले गेले.

मग या फळाबद्दल आभार कोणाचे मानावे? बंधारा बांधणाऱ्यांचे मानतां येत नाहींत. त्यांच्या डोळ्यांपुढें पांखरूं नव्हतें. 'निसर्गाची किमया' म्हणून हात जोडणें सोपें आहे, पण बंधाऱ्यावांचून हा निसर्ग येथें नव्हता. कर्त्याच्या हेतूनें फळ मोजूं गेल्यास मोजावयास मापच सांपडत नाहीं. यावरून कांहीं लोक असें अनुमान काढतात कीं, ज्या हिताचा कोणी कर्ता नाहीं त्याच्याविषयीं कोणाचें कर्तव्यहि नाहीं; तें आलें तसें गेलें तर तक्रार कसली? अनुमान दिसावयास नीटनेटकें आहे, पण आम्हांस तें पटत नाहीं.

नांदूर-मध्यमेश्वरला लोक महाराष्ट्राचें भरतपूर म्हणतात. म्हणणाऱ्यांस बहुधा पक्ष्यांची संख्याच अभिप्रेत असते. साम्य त्याहून खोल आहे. राजस्थानांतील भरतपूरची पाणथळहि मनुष्यकृतच. बांध घालून पाणी खेळविलेल्या त्या सखल जागेंत पुढें संस्थानिकांनीं बदकांच्या शिकारीची सोय केली. १९३८ सालच्या नोव्हेंबरांत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेळाव्यानें तेथें एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले. असे आंकडे कोरलेले दगड अजून तेथें उभे आहेत. शिकारीसाठीं राखलें म्हणूनच तें रान नांगराखालीं गेलें नाहीं, आणि १९८५ पासून तें जागतिक वारसा म्हणून मान्य आहे. नांदूरला निदान हेतु परोपकाराचा होता. भरतपूरला तर तो बंदुकीचा होता. म्हणून आज भरतपूरच्या सारसाची किंमत कमी धरावी काय? तसें कोणी म्हणणार नाहीं. हेतूनें कर्त्याची योग्यता ठरते. वस्तूची ठरत नाहीं. हे दोन हिशेब निराळ्या वह्यांत ठेवले पाहिजेत, आणि आपण ते वारंवार एकींत मिसळतों.

हें म्हणणें एवढ्यावर ठेवून घरीं परतणें सोयीचें झालें असतें. पण एके वर्षीं कालव्याच्या शेवटच्या टोंकाकडील एका शेतकऱ्याची गांठ पडली. तो नांदूरजवळ नातेवाइकांकडे आला होता. आमच्या गळ्यांतील दुर्बीण पाहून तो म्हणाला, "पाणी अडवलं ते आमच्या बापजाद्यांच्या शेतासाठी. पाखरं मागून आली. आता गाळ काढा म्हटलं तर म्हणतात पाखरांचं काय? दादा, आमचं काय, हे कोण विचारतं?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यांत वर्षानुवर्षें तंटा आहे, आणि पाऊस ओढला कीं टोंकाच्या शेतकऱ्याची पाळी आधीं चुकते. त्याच्या दृष्टीनें आमचें हिंडणें म्हणजे त्याच्या पाण्यावर पोसलेली करमणूक. मूळ हेतूचा हक्क पहिला, हें त्याचें म्हणणें कायद्याच्या भाषेंतहि शोभण्यासारखें आहे. फक्त एक गोष्ट त्यांत राहते. मूळ हेतूहि तसाच्या तसा कोठें टिकला आहे? दुष्काळांत माणूस व गुरूं जगावें, हा दख्खनच्या कालव्यांमागील मोठा विचार होता. त्याच पाण्यावर पुढें ऊंस आला, ऊंसावर साखर कारखाने आले. कालव्याच्या कांठींहि पुष्कळ कांहीं सांडलेलेंच आहे. तें सांडलेलें ज्यांनीं वेंचलें त्यांनीं इतरांच्या वेंचण्यास नांवें ठेवावीं, हें फारसें जमत नाहीं. पण हा वकिली मुद्दा झाला. आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें निराळें आहे.

कोणतेंहि फळ अहेतुक राहतें तें तें दृष्टीस पडेपर्यंत. दृष्टीस पडल्यानंतर तें राखणें हा हेतु होतो, आणि न राखणें हाहि हेतूच होतो. याचें सर्वांत कठोर उदाहरण गिधाडांचें आहे. नांदूरच्या रामसर-नोंदींतहि भारतीय गिधाड व पांढऱ्या पाठीचें गिधाड यांचीं नांवें संकटग्रस्त म्हणून आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध गुरांस सर्रास दिलें जाऊं लागलें. हेतु काय होता? दुखणाऱ्या गाईला आराम पडावा. याहून निर्मळ हेतु कोणता? पण असें औषध घेतलेलें जनावर मेलें आणि त्याचें मांस गिधाडानें खाल्लें, म्हणजे गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात. थोड्याच वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. कारण उलगडलें तें २००४ च्या सुमारास. २००६ सालीं भारतांत या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आतां १९९५ सालीं गाईस तें औषध टोंचणारा गुराखी आणि बंदीनंतर तेंच औषध चोरून विकणारा दुकानदार यांच्यांत बाह्य कृतीचा भेद मुळींच नाहीं; औषध तेंच, गाय तीच, गिधाडहि तेंच. मध्यें फक्त एक गोष्ट घडली: कळलें. आणि एवढ्यानें एक दयाळू ठरतो, दुसरा अपराधी.

हाच न्याय नांदूरला लावला तर १९८६ सालाचा अर्थ स्पष्ट होतो. त्या सालीं तेथें नवें तळें खोदलें गेलें नाहीं कीं पांखरें आणून सोडलीं नाहींत. बंधाऱ्यास दुसरा एक हेतु जोडला गेला, एवढेंच. तोंपर्यंत गाळ काढणें म्हणजे गाळ काढणें होतें. त्यानंतर तें आणखीहि कांहीं झालें.

पण ज्ञानाचें हें ओझें आपण सोयीप्रमाणें उचलतों. न मागितलेलें फळ गोड असलें तर तें आपलें. कडू असलें तर 'आमचा तसा हेतु नव्हता'. पाणथळीच्या वाटेवर याचा पुरावा हिरवागार पसरलेला आहे. जलपर्णीचे गालिचे संथ पाण्यांतून सरकत येतात व मोकळें पाणी गिळीत जातात. त्यांवरून जांभळी पाणकोंबडी लांब बोटें टाकीत ऐटींत चालते, आणि हौशी छायाचित्रकार तिचीं चित्रें घेतात. चित्रें सुरेखच येतात. परंतु ही वनस्पति पोसली जाते ती नदींतून येणाऱ्या मैल्यावर, आणि नदीच्या वरच्या अंगास नाशिक शहर आहे. शहरांतील कोणत्याहि गृहस्थानें सकाळीं न्हाणीघरांत पाणी ओततांना वारकऱ्यांच्या समुदायास हुसकून लावण्याचा संकल्प सोडलेला नसतो. तोच गृहस्थ रविवारीं मुलाबाळांसह, फराळाचा डबा घेऊन, पहाटेच्या गारठ्यांत येथें येतो आणि पक्षी पाहून मनापासून आनंदतो. त्याचा आनंद खोटा नाहीं. आम्हीहि त्यांतलेच, दुर्बिणीला डोळा लावून उभे राहतांना आमचें सांडपाणी त्याच वेळीं कोठें तरी पुढें चाललेलें असतें. हा आनंद फुकट आहे असें मात्र कोणी समजूं नये. पाहण्याबरोबर जाणणें येतें, आणि एकदां जाणल्यावर 'हेतु नव्हता' या वाक्याचा आडोसा राहत नाहीं. या अर्थानें हिंवाळ्यांतील हें निरुपद्रवी हिंडणें आमच्या मतें इतकेंहि निरुपद्रवी नाहीं. न पाहिलेल्या माणसाची जबाबदारी कमी असते. आणि शहाणे लोक कदाचित् त्यामुळेंच घरीं पांघरूण घेऊन पडत असतील!

राहतां राहिला तो शेतकरी. आमच्या म्हणण्यानें त्याच्या चारींत एक थेंबहि वाढत नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्यानें पांखरें पाहिलीं त्याच्यावर जर पांखरांचें ऋण, तर ज्यानें टोंकाचें कोरडें शेत ऐकलें त्याच्यावर त्याचेंहि आहे. एक ऋण दाखवून दुसरें बुडवतां येत नाहीं. गाळ सर्वच काढावा कीं मुळींच काढूं नये, अशा दोन टोंकांवर भांडणें सोपें. कोठला काढावा, किती बोटें, कोणत्या महिन्यांत, आणि वरच्या शहरानें व ऊंसानें त्यासाठीं आपलें पाणी किती आवरावें, हें ठरविणें कंटाळवाणें आहे. पण बसणाऱ्या पक्ष्यांच्या रांगा पाहतां खरा प्रश्न बोटांचाच आहे.

त्या दिवशीं कालव्याचें आवर्तन नुकतेंच सुटलें होतें. पाणी दिवसभर उतरत होतें. दुपारपर्यंत बेटाच्या कडेस हातभर नवा चिखल उघडा पडला, आणि सकाळीं पलीकडे असलेले शेकाटे त्यावर येऊन उतरले. वारकरी खोल पाण्याकडे सरले. शेतकऱ्यानें तिकडे एकवार पाहिलें, आणि तें उतरलेलें पाणी आपल्याकडे केव्हां पोंचेल याचा बोटांवर हिशेब केला. त्याची पाळी परवां रात्रीं दोनची होती. बांधावर उभें राहून दारें धरण्यास माणूस मिळत नाहीं म्हणून स्वतःच जावें लागणार, असें सांगून तो बसच्या थांब्याकडे निघून गेला.